प्लॉटला जावई नको

"मालकीणबाई, जरा पाणी मिळेल का?"

पाहुण्यांतल्या एका जाड माणसानं हात जोडून, कमरेत वाकून हे विचारलं. सगळा व्हरांडा हसला. मी दारात उभी होते. हातात भज्यांची परात, बोटांना बेसन.

जागा भंडारदऱ्याची. धरणाचं पाणी दिसतं अशा उतारावर काकांचा बंगला. काका म्हणजे माझे कुणी नव्हेत. नगरला सावेडीत ज्यांच्या घरी मी लहानपणापासून कामाला होते, ते. काका आणि काकू म्हणायचं, असं त्यांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांच्या ओळखीची माणसं गाड्या भरून आली होती. हवा थंड, ढग खाली उतरलेले, आपलाही इथं एखादा प्लॉट असावा म्हणून बघायला आलेली.

"थट्टा नाही हां," काका म्हणाले. "सातबाऱ्यावर हिचंच नाव आहे. आम्ही हिचे भाडेकरू!"

पुन्हा हशा. गॉगल डोक्यावर चढवलेल्या एका बाईनं मला पायापासून वर बघितलं. "हिच्या? हिच्या नावावर?"

"आदिवासीची जमीन आपल्याला घेता येत नाही ना," काका म्हणाले. "कलेक्टरची परवानगी काढत कोण बसणार? आदिवासीची आदिवासीनं घेतली की कुणी विचारत नाही. फक्त तो आदिवासी आपल्या घरातला पाहिजे."

"मग अशी एखादी आम्हालाही बघून द्या की," जाड माणूस म्हणाला. "मुकी असली तरी चालेल. उलट बरंच."

"आणि उद्या हिनं लग्न केलं तर?" गॉगलवाली हुशार होती. "नवरा येऊन बसेल ना इथं खुर्ची टाकून."

काकांनी भजं उचललं, मोडलं, फुंकर मारली. "त्याचा बंदोबस्त केलाय हिनं," असं म्हणून काकूंकडे बोट दाखवलं. "आपल्या प्लॉटला जावई नको."

काकूंनी डोळे मोठे केले. पण मी ऐकलं होतं.

परात मी आपटली नाही. एकेकाला भजी वाढली. चटणी हवी का विचारलं. जाड माणसाला पाणी आणून दिलं. आज त्यांच्या हसण्यापेक्षा मला त्या पाण्याचा जास्त राग येतो.

जावई म्हणजे सोमा. राजूर-भंडारदरा जीप चालवतो. माझ्या आईकडं त्याची माणसं रीतसर मागणी घालायला आली होती, सुपारी फुटली होती, आईनं चार घरी गूळ वाटला होता. आणि मग एकाएकी त्यांच्याकडून निरोप आला की आम्हाला जमत नाही. का, ते कुणी सांगेना. आई म्हणाली, नशीब. मी भांडी घासत रडले. काकू पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "जाऊ दे गं. ज्याच्या नशिबी नाही त्यानं हळहळू नये." ज्या हातानं बंदोबस्त केला, तोच हात पाठीवर होता.

त्या दिवशी भज्यांची भांडी तशीच टाकून मी बंगल्याच्या मागं गेले आणि सोमाला फोन लावला. म्हटलं, खरं सांग.

तो म्हणाला, "तुला फीट येती म्हनं. पोरबाळ व्हनार न्हाई आसं डाक्टर बोलल्यात. तुज्या काकू सोता गाडी घिऊन आल्या हुत्या आयकडं. रडत हुत्या. म्हनल्या, पोरीसारकी वाढिवली म्हनून फसवायला जीव हुईना."

माझ्या आयुष्यात मला फीट आलेली नाही. तापाशिवाय दुसरं दुखणं नाही. एवढी मोठी गाडी एका डोंगरावरच्या झोपडीपर्यंत कशासाठी चढवली असेल, तर एका गरीब बाईला होणाऱ्या सुनेबद्दल खोटं सांगायला. रडून सांगायला.

आता जमिनीचं सांगते.

मी महादेव कोळी. आमचं गाव त्या बंगल्यापासून चालत जाता येईल एवढ्यावर. बाप गेला तेव्हा काका आमच्याकडे रस्त्याचं कंत्राट घेऊन आले होते. आईला म्हणाले, पोरगी द्या, शिकवतो. शिकवलं, हे खरं आहे. सकाळची भांडी, मग शाळा, मग संध्याकाळच्या पोळ्या. बारावी झाले मी. झोपायला स्वयंपाकघरामागची सामानाची खोली. माझा कप खिडकीच्या गजाला अडकवलेला, कारण तो इतर कपांत मिसळायचा नाही. आलेल्यागेलेल्यांना काकू सांगायच्या, मुलीसारखी वाढवली. त्यांची मुलगी बंगळूरला शिकत होती आणि सुटीत आली की तिचे कपडे मी हातानं धुवायचे. मुलीसारखी म्हणजे मुलगी नव्हे, हे कळायला मला बारावीपर्यंत शिकायची गरज नव्हती.

सज्ञान झाले तशी काकांनी मला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. एरवी मी मागं, पिशव्यांबरोबर. म्हणाले, "तुझ्या नावावर थोडी जमीन करतोय. पुढं तुझ्या लग्नाकार्याला उपयोगी पडेल." मी खाली वाकून त्यांच्या पाया पडले. मनापासून पडले.

जमीन होती ठकूआत्याची. माझ्या बापाची चुलत बहीण. पोरगा आजारी पडला म्हणून ती विकायला निघाली होती. पण आमच्यात जमीन परक्याला देत नाहीत, उपाशी राहतात पण देत नाहीत. जी देते त्या बाईच्या घरचं पाणी गावातली जुनी माणसं पीत नाहीत. काकांना ही रीत चांगली माहीत होती. म्हणून तर मला पुढं केलं. ठकूआत्यानं माझं नाव ऐकलं आणि अंगठा उठवला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाई, तू हाय म्हनून दिली. भाईर न्हाई गेली, घरातच ऱ्हायली. मला नागली लावू देशील ना पावसाळ्यात?"

मी म्हटलं, "आत्या, तुमचीच हाय."

पुढच्या पावसाळ्यात तिथं जेसीबी होता. उतार खणून सपाट केला, बंगला उभा केला, नागली म्हणजे नाचणी, तिच्या जागी हिरवळ लावली, विकत आणून, गालिच्यासारखी गुंडाळ्या करून. आता त्या हिरवळीतलं गवत काढायला ठकूआत्या रोजंदारीवर येते. फाटकापाशी उभी राहते. वॉचमननं उघडलं तर आत. पाहुणे असले की तिला मागच्या बाजूनं काम करायला सांगतात, फोटोत येते म्हणून. मला बघितलं की ती मान वळवायची. मला वाटायचं, म्हातारीची नजर गेली असेल.

पाहुणे गेले. मी काकूंसमोर उभी राहिले आणि विचारलं, "सोमाच्या आईला काय सांगितलंत?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. घाबरल्याही नाहीत. नेलपॉलिश काढत होत्या, ती काढत राहिल्या. "तुझ्याच भल्याचं सांगितलं. जीपवाल्याच्या घरात जाऊन शेण काढणार होतीस का?"

काका आतून आले. त्यांचा आवाज एकदम मऊ. "हे बघ, नाकापेक्षा मोती जड झाला. आपण ही जमीन दुसऱ्याच्या नावावर करू. आपला वॉचमन आहे ना, भागा. तोही तुमच्यातलाच. त्याला मूलबाळ नाही, ऐकू कमी येतं, कटकट नाही. तू एकदा सही कर. मग आम्ही दोघं जातो सोमाच्या घरी. सांगतो, डॉक्टरचा घोळ झाला होता. लग्न आम्ही लावून देऊ. हॉलमध्ये."

मला लग्न हवं होतं. खोटं कशाला बोलू? सोमा हवा होता, चूल हवी होती, स्वतःच्या घरातल्या फळीवर माझा कप हवा होता. मी सोमाला सांगितलं. तो म्हणाला, "कर ना मंग सही. आपल्याला काय करायची त्यांची जमीन?"

"त्यांची न्हाई. ठकूआत्याची."

"ती जमीन गेली आता. तू आपलं बघ."

मी रात्रभर आपलं बघितलं. सकाळी गाडीत बसले. या वेळी मागं, भागाशेजारी. भागाला आपण कुठं चाललोय हे माहीत नव्हतं. त्याला नवा सदरा दिला होता आणि त्याच्या घडीतली टाचणी मानेला टोचत होती. वाटेत मी ती काढून दिली. तो माझ्याकडं बघून हसला. मीसुद्धा असंच हसले होते पुढच्या सीटवर. हा मेला की तिसरा शोधतील. त्यालाही सदरा देतील.

रजिस्टर ऑफिसात गर्दी होती. आमचा नंबर आला. तिथं सगळ्यांना एक प्रश्न विचारतात. साहेब मान वर न करता विचारतो, लोक मान हलवतात, फोटो निघतो, पुढचा.

"राजीखुशीनं देताय ना?"

"न्हाई."

सावेडीत इतकी वर्षं राहून मी नाही म्हणायला शिकले होते. शुद्ध, 'न'च्या जागी 'ण' लावून बोलायला शिकले होते. पण तोंडातून निघालं ते आईच्या घरातलं. साहेबानं मान वर केली.

"काय?"

"राजीखुशीनं न्हाई. ही जमीन मी घेतल्याली न्हाई. ह्यांनी घेतली, माझं नाव लावून. आता ह्या भागाचं लावत्यात. त्याला इचारा, तो कशाला आलाय."

काका हसले. अगदी घरगुती हसले. "साहेब, मनावर घेऊ नका. हिला अधूनमधून फीट येते. डोक्यावर परिणाम होतो थोडा. मुलीसारखी आहे आमच्या."

सोमाच्या आईसमोर मी नव्हते. इथं होते. मी काकांच्या डोळ्यांत बघितलं आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हटलं, "आता घ्या बोलावून डाक्टर. हितं. मी थांबते."

साहेबानं कागद बाजूला सरकवले आणि म्हणाला, बाई नाही म्हणते, मी नोंदवू शकत नाही. बाहेर आल्यावर काकांनी माझ्या दंडाला धरलं. तोवरचा सगळा मऊपणा गेला होता. "माझ्या ताटातलं खाऊन वाढलीस. जंगलातनं उचलून आणली तुला. उद्या तुझ्यावर चोरीची केस टाकतो, बघ." काकू गाडीतून म्हणाल्या, "सोडा तिला. या लोकांच्या रक्तातच नाही उपकाराची जाण."

केस टाकली. काकूंच्या बांगड्या माझ्या नावावर हरवल्या. पोलीस आईच्या घरात धान्याची कणगी उपसून गेले. सोमाचं लग्न झालं, दुसरीशी. वरात आमच्या दारावरून गेली, त्याच्याच जीपमधून. मी दार लावलं नाही. उंबऱ्यात उभी राहून ती पूर्ण जाऊ दिली. छातीत दुखलं, अजून दुखतं.

मी ठकूआत्याकडं गेले. वाटलं होतं, म्हातारी जवळ घेईल. तिनं चुलीपुढून उठायचेही कष्ट घेतले नाहीत.

"आता आलीस व्हय? मी फाटकात हुबी ऱ्हायची तवा तू आतून पडदं लावायचीस."

खरं होतं. काकू सांगायच्या आणि मी लावायचे. मी तिची माफी मागितली नाही, कारण माफीनं तिची नागली उगवणार नव्हती. म्हटलं, "आत्या, उद्या तालुक्याला, अकोल्याला चला. तहसील कचेरीत. मी सांगते, तुमी अंगठा द्या."

"अंगठ्यानंच गेली, बाई."

"ह्या बारीला मी वाचून दावते आधी. सगळं."

ती आली. वाटभर बोलली नाही, पण आली. कचेरीतला कारकून माणूस बरा होता. अर्ज वाचून त्यानं आवाज खाली केला. "पोरी, हे सिद्ध झालं तर तूही अडकशील. नाव तुझं आहे. खोटा व्यवहार तुझ्याही सहीनं झालाय. नीट विचार कर."

मी म्हटलं, "माझं नाव पहिलं घाला."

आता तारखा पडतात. काकांचा वकील येतो, पुढची मागतो. मधल्या माणसांकरवी निरोप येतात, कधी धमकीचे, कधी गोड. जाड माणसानं शेजारचा प्लॉट घेतलाय म्हणे, त्यालाही कुणीतरी मिळालं. त्याची चौकशी मी करतेय. आमच्या वाड्या-वस्त्यांवर जाऊन सज्ञान झालेल्या पोरापोरींना गोळा करून सांगतेय की कुणी गाडीत पुढं बसवलं तर काय विचारायचं. काही जण ऐकतात, काही माझ्या चोरीच्या केसबद्दल कुजबुजतात. कुजबुजू देत.

ठकूआत्या अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिच्याकडून मला काही नको. जमीन तिच्या नावावर परत लागली पाहिजे, तिच्या डोळ्यांदेखत, ती जिवंत असताना. आणि लागली की तो बंगला राहणार नाही. लोक म्हणतात, एवढं चांगलं बांधकाम कशाला पाडायचं, म्हातारीला राहायला होईल. म्हातारीला तिथं राहायचं नाही, तिला पेरायचं आहे. पहिला घण मी घालणार आहे, त्या व्हरांड्यावर.