नाड्यावर बसायचं

माझी नात रेल्वेचं इंजिन चालवायला शिकती. मालगाडीचं. आमच्या घरात बाईमानसानं कधी बैलगाडीबी हाकली नव्हती. मी मोट हाकली, तीबी नवरा गेल्यावर.

इगतपुरीवरनं कसाऱ्याकडं गाडी घाट उतरती, तिथं नातीची परीक्षा व्हती. पहिल्यांदा नापास झाली. आनिक एकदा झाली तर इंजिन सुटनार आन् कचेरीत कागदं लावायचं काम भेटनार. नाशकाला घरी आली ती दोन दिस धड जेवली नाय. म्हनली, "आजी, कचेरीच बरी हाय मला."

मी इचारलं, चुकलं काय? तर म्हनली, इंजिनाला दोन ब्रेक. एक हवेचा, चाकं दाबून धरनारा. दुसरा इजेचा. उतारावर गाडी आपल्याच वजनानं निघती, तवा चाकं मोटारीला फिरवत्यात, मोटार इज तयार करती, ती वरच्या तारेत जाती आन् त्यातच गाडीचा जोर मोडतो. घाट चढनारी दुसरी गाडी तीच इज घेती. हिनं काय केलं, भ्यानं घाटभर हवेचाच ब्रेक वापरला. चाकं तापली, तारेत काय गेलं नाय. शिकवनारे साहेब म्हनले, एवढं वजन खाली आनलंस आन् सगळं फुकट घालवलंस.

मला ते लगेच कळलं. मी तेच केलं व्हतं.

सायखेड्याकडं आमची इहीर. इहिरीपुढं मातीचा उतार, त्याला धाव म्हनायचे. बैलं धावंवरनं खाली जायची, नाडा म्हंजे जाडा दोर वढला जायचा, आन् चामड्याची मोट पानी घेऊन वर यायची. नवरा गेला तवा कांद्याची रोपं लावून आठ दिस झाले व्हते. दीर म्हनला, जमीन मी कसतो, तू घरात बस. मी नाय म्हनले, आन् सकाळी धावंवर उभी राहिले.

बैलं पळतील, मोट इहिरीवरच्या चाकावर आपटंल, नाडा तुटंल, एवढंच डोक्यात. उतारभर कासरा मागं वढून धरायचे. बैलं मधीच थबकायची, मोट इहिरीत लोंबायची, निम्मं पानी गळून खाली. हाताला फोड आले, रोपं माना टाकाया लागली. दीर बांधावर उभा राहून म्हनायचा, "वहिनी, इहिरीला आंघोळ घालती का?"

शेजारच्या मळ्यातले म्हातारे आबा एकदा बघत बसले. मंग म्हनले, "पोरी, कासरा हातात ठेव, पन सैल. लागला तरच वढ. आन् नाड्यावर बस." मोट हाकनारे गडी उतरताना नाड्यावर बसायचे, म्हंजे त्यांचं वजनबी मोट वढायच्या कामी यायचं. बाई कधी बसली नव्हती. मी कासोटा खोचला आन् बसले. बैलं आपल्या चालीनं उतरली, मोट भरलेली वर आली, थारोळ्यात, म्हंजे इहिरीवरच्या दगडी कुंडात, पानी पडलं ते पाटानं रोपांकडं गेलं. तिसऱ्या दिशी दीर बांधावर आला नाय.

नातीला हे सांगितलं, पन तिनं मोट कधी बघितलेली नाय. नुसतं सांगून काय कळनार? मी जिन्याच्या वरच्या कठड्यावरनं दोर टाकला, एका टोकाला पान्याची बादली खाली लोंबती सोडली, दुसरं टोक तिच्या कमरेला बांधलं. म्हनले, उतर. तिनं दोन्ही हातानं कठडा गच्च धरला. बादली जागची हलंना.

"धरून उतरायचं नसतं," मी म्हनले. "हात कठड्याजवळ ठेव. वजन दोराला दे."

खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बघून गेली. म्हनली, पाडशील नातीला. मी म्हनले, पडली तर परत चढंल. सात-आठ फेऱ्या झाल्या, जिना भिजला. शेवटी बादली सावकाश, न हिंदकळता वर आली. नात खाली उभी राहून बादलीकडं बघत राहिली.

परीक्षेच्या दिशी दुपारी फोन आला. म्हनली, "आजी, नाड्यावर बसले." घाटभर इजेचा ब्रेक वापरला. हवेचा हाताशी व्हता, पन तो लागला खाली गाडी उभी करतानाच. साहेबांनी पास केलं. समोरनं एक गाडी घाट चढत गेली म्हनली, तिला आपली इज गेली असंल.

मंग हळूच म्हनली, इंजिनातनं उतरताना पाय लटलट कापत व्हते.

माझेबी कापले व्हते, पहिली मोट भरून आली तवा. कोनाला कधी सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.