शहाऐंशी अंशांना उकळणारं पाणी

"गिझर बघायला एवढ्या लांब? तो तर आपल्या बाथरूममध्येच आहे!" सुरेश गजभिये मुलीची थट्टा करत होते. प्रियदर्शिनीने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. पडद्यावर उंच डोंगरांमधलं एक पठार, आणि जमिनीतून ठिकठिकाणी उसळणारं पाणी अन् वाफ.

सुरेश बघतच राहिले. चंद्रपूरकडच्या एका कागद गिरणीत त्यांनी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला होता. बायको गेल्यावर, २०१४ मध्ये, ते सिंगापूरला मुलीच्या चोआ चू कांगमधल्या फ्लॅटवर आले. उकळत्या पाण्यात जगणाऱ्या जिवाणूंवर तिचं संशोधन होतं, आणि त्यासाठी नमुने आणायला तिला चिलीला, अँडीज पर्वतात जायचं होतं.

"मी पण येऊ का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं, पण दम वाढवायला सांगितलं. सिंगापुरात डोंगर कुठून आणायचा? सुरेश रोज सकाळी लिफ्ट सोडून इमारतीचे सोळा मजले चढू लागले. पहिल्या आठवड्यात सहाव्या मजल्यावरच बसकण मारायचे. तीन महिन्यांत थेट वर पोचू लागले.

तरी चिलीतल्या त्या पठारावर, सव्वाचार हजार मीटर उंचीवर, दहा पावलांत धाप लागत होती. पहाटेच्या थंडीत नाक बधिर झालेलं. प्रियदर्शिनीने एका डबक्यात थर्मामीटर धरला.

"शहाऐंशी," ती म्हणाली.

"आणि उकळतंय बघ! इथं हवेचा दाबच कमी," सुरेश म्हणाले.

"बाबा, मी पीएचडी केलीय."

"मी बॉयलर चालवलाय."

ती हसत पुढच्या विवराकडे गेली आणि बाटली घेऊन वाकली. आतून खदखद ऐकू येत होती. एकाएकी खदखद थांबली. असं अचानक गप्प होणारं पाणी बॉयलरवरही सुरेशना कधीच आवडलं नव्हतं.

"प्रिया, मागे ये! आत्ता!"

बाबांचा हा आवाज तिने लहानपणी ऐकला होता. बाटली तिथेच टाकून ती मागे सरली. दोन श्वास गेले असतील नसतील, पाणी पुरुषभर उंच उडालं.

गाईड धावत आला. हे विवर एवढं उडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. "सर कुठल्या विद्यापीठात असतात?" त्याने विचारलं.

"कागद गिरणीत," प्रियदर्शिनी म्हणाली.

ऊन वर आलं. बापलेक एका कोमट कुंडात पाय सोडून बसले, ब्रेड खाल्ला. सगळीकडून वाफ मोकळी आभाळात जात होती. "हिला कोंडून ठेवण्यात जन्म गेला माझा," सुरेश म्हणाले. "मोकळी किती छान दिसते."

दोन वर्षांनी तिचा शोधनिबंध छापून आला. शेवटी आभारांत सुरेश गजभिये हे नाव होतं. सुरेशनी ते पान प्रिंट करून आणलं, चष्मा लावून दोनदा वाचलं.

"पुढे बॉयलर अटेंडंट लिहायचं होतंस की," ते म्हणाले.