पोहण्याच्या बॅजवरची सही

आमच्या चर्चमधल्या मुलींना बॅजांचं फार वेड होतं. रविवारी संडे स्कूल सुटलं की मोठ्या मुली माझ्याकडे थांबायच्या. स्वयंपाक, शिवण, प्रथमोपचार, सायकलचं पंक्चर, अशा एकेका गोष्टीची मी परीक्षा घ्यायचे आणि मुलीच्या वहीत सही करायचे. मग वार्षिक कार्यक्रमात पाळकसाहेबांच्या हातून कापडी बॅज मिळायचा, तो निळ्या पट्ट्यावर शिवायचा. मी शाळेत शिकवते. सही करायची हाताला सवयच आहे.

पोहण्याची परीक्षा राजूर रस्त्यावर, चर्चच्या मंडळीतल्या एका काकांच्या विहिरीत झाली. पाठीला डबा न बांधता विहिरीच्या चार फेऱ्या मारायच्या, मग कशालाही न धरता दोन मिनिटं जागच्या जागी तरंगायचं. शेवटचा नंबर चर्चमधल्याच एका नर्सबाईंच्या मुलीचा होता. तेरा वर्षांची, बारीक, हट्टी. तिच्या चार फेऱ्या झाल्या आणि काका वरून ओरडले, "लाइट आली! मोटर चालू करायचीय, पोरींना जल्दी वर घ्या."

ती निथळत वर आली. "ताई, माझं तरंगायचं राह्यलं."

"चार फेऱ्या मारल्यास ना? येतं तुला."

कार्यक्रम चार दिवसांवर होता आणि बॅज मिळवणाऱ्या मुलींची यादी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. मी विहिरीच्या काठावर बसूनच तिच्या वहीत सही केली. पाळकसाहेबांनी बॅज दिला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या.

मे महिन्यात एका दुपारी नर्सबाईंचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. "ताई, तुमची गाडी आहे का घरी? पोरगी बुडाली. मामाकडं गेल्ती, कुंभार पिंपळगावला. अंबडच्या दवाखान्यात आणून राह्यले तिला."

"श्वास चालू आहे का?"

"आहे म्हणतात."

मी त्यांना ड्यूटीवरून घेतलं आणि निघालो. मुलीची सात वर्षांची मामेबहीण विहिरीत पाय घसरून पडली होती. हिनं उडी मारली. लहानगीनं तिच्या गळ्याला मिठी घातली आणि दोघी खाली गेल्या. मामीनं लुगड्यासकट उडी मारून दोघींना काढलं. लहानगी लगेच रडली. ही रडली नाही.

एवढं सांगून नर्सबाई माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "पण तिला तर पोहता येतं. तुम्ही परीक्षा घेतली ना?"

"हो," मी म्हणाले.

"मंग बुडली कशी?"

समोर उसाचा ट्रॅक्टर होता. मी हॉर्न वाजवत राहिले.

"तिचे मामा इचारत होते, पोरीला विहिरीवर जाऊ देऊ का. मीच सांगितलं, बिलकुल जाऊ द्या, बॅज मिळालाय तिला." त्या हातातला रुमाल घट्ट पिळत होत्या. "बुडली कशी मंग?"

अंबड येईपर्यंत हाच प्रश्न त्यांनी चार-पाच वेळा विचारला. मला नव्हे, स्वतःलाच. मुलगी जिवंत दिसू दे, मग सहीचं सांगेन, असं मी ठरवलं. आणि आत कुठेतरी हेही कळत होतं, की ती जिवंत दिसली तर न सांगताही भागेल.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला होता. ओठ काळपट, केसांत शेवाळ. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी गेलंय, उद्यापर्यंत लक्ष ठेवावं लागेल. आईनं आधी नर्ससारखी नाडी धरली, डोळे पाहिले, आणि मग नुसती आई होऊन पलंगाच्या लोखंडी दांडीवर डोकं टेकून रडायला लागली.

मुलीनं मास्क थोडा बाजूला केला. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मला वाटलं मला येतं."

मी तिथेच, पलंगाशेजारी उभी राहून सगळं सांगितलं. लाइट आली ते, यादीचं, सहीचं. "चूक तिची नाही. मी न बघता लिहिलं."

नर्सबाईंनी डोकं वर केलं. मला वाटलं ओरडतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गाडीत का न्हाई सांगितलं? एवढ्या रस्त्यानं मी माझ्या लेकरालाच दोष देत आले."

त्यांनी मला जायलाही सांगितलं नाही, बसायलाही नाही. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी मुलगी घरी आली. पुढच्या रविवारी मी मुलींच्या आयांना थांबवून तेच पुन्हा सांगितलं आणि सगळ्यांच्या वह्या मागवल्या. पान-पान उलटत प्रत्येकीला विचारलं, हे मी खरंच पाहिलं होतं का? सायकलीच्या दोन, स्वयंपाकाची एक आणि ही पोहण्याची, एवढ्या सह्या मी त्यांच्यादेखत खोडल्या. एक मुलगी रडली. दोन आयांनी मुली पाठवणं बंद केलं.

नर्सबाईंची मुलगी पावसाळा संपल्यावर परत आली. आई तिला गेटपर्यंत सोडते, मला आमच्या चर्चच्या रीतीनं "सलाम" म्हणते आणि निघून जाते. आत येत नाही. मुलगी प्रथमोपचाराचा बॅज करतेय. पोहण्याचं मी विचारत नाही, तीही विषय काढत नाही. परवा पट्टी बांधून झाल्यावर तिनं वही पुढे केली आणि मी पेन उघडलं तेव्हा म्हणाली, "आधी नीट बघा ना, ताई. गाठ ओढून बघा."

मी ओढून पाहिली. सैल होती. तिनं सगळी पट्टी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.