येत्या शनिवारी, दामूकाकांच्या हॉलमध्ये

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. ते आमच्या हॉलच्या दारातल्या चपलांसारखे असतात. कार्यक्रम संपला, सगळे घरी गेले, की दोन-तीन जोड उरतातच, आणि ते कुणाचे ते शेवटपर्यंत कळत नाही. मग अनवाणी कोण गेलं? हा प्रश्न मला गेलं वर्षभर पडलाय.

हॉल म्हणजे पेणकरपाड्यात, हार्डवेअरच्या दुकानावर, पहिला मजला. मालक दामूकाका, जवळच्याच मोरवा गावच्या जुन्या कोळी घरातले. पूर्वी इथे साखरपुडे आणि बारशी व्हायची. दारावरची पाटी अजून तीच आहे, आणि मागच्या खोलीत शंभर माणसांची पातेलीही तशीच पडून आहेत. मी विमा ऑफिसातून रिटायर झाले, गिरगाव सोडून इकडे आले, आणि रिकामं बसवेना म्हणून साउंडवाल्या अल्ताफबरोबर हा उद्योग सुरू केला. दर शनिवारी संध्याकाळी नव्या पोरांचे कार्यक्रम. नवी म्हणजे जी स्वतः लिहितात, स्वतः चाल लावतात आणि स्वतःच पोस्टर चिकटवतात. खाली जिन्यापाशी एक फळा आहे. त्यावर मी खडूने 'येत्या शनिवारी' असं लिहिते आणि पुढे गाणाऱ्याचं नाव.

दामूकाकांनी हॉल एका वर्षासाठी दिला होता. "बगू तरी काय करताय," एवढंच बोलले. पण वर्षभरात एकदाही आत आले नाहीत. दर शनिवारी यायचे मात्र. जिन्याच्या वरच्या पायरीवर, चपलांच्या शेजारी काठी घेऊन बसायचे आणि कार्यक्रम संपला की उठून जायचे. लाईट-पंखे नीट बंद होतायत का ते बघायला बसतात, अशी माझी समजूत. माझीच समजूत ती, चुकीचीच निघणार.

* * *

पहिलाच शनिवार. वसईचा एक मुलगा, गिटार घेऊन, झब्बा घालून आलेला. मला वाटलं होतं, दहा माणसं आली तरी गंगेत घोडं न्हालं. आली पंचवीस! बायका जरीच्या साड्यांत, पुरुष कडक इस्त्रीत, अंगाला अत्तराचा वास. मी अल्ताफला म्हटलं, "बघ, उगाच घाबरत होतास."

एका गृहस्थांनी तर गाणं सुरू व्हायच्या आधीच स्टेजवर जाऊन मुलाला मोठा रंगीत खोका दिला, शेकहँड केला, फोटोही काढला. मुलगा भांबावला, पण खूश. त्याने एकामागून एक विरहाची गाणी म्हटली. चाळीस मिनिटं कुणी हललं नाही.

मग पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मला खुणेने बोलावलं. हळूच म्हणाल्या, "मुलगा गातो छान हो. पण आजच्या दिवशी इतकं रडकं का? आणि मुलगी कुठेय?"

त्या सगळ्यांच्या ऑफिसातल्या साहेबांच्या मुलीचा साखरपुडा होता, मागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये. नवऱ्या मुलाला कुणीच पाहिलेलं नव्हतं. आमच्या दारावरची पाटी वाचून मंडळी बिनधास्त वर आली होती. उलगडा झाल्यावर सगळे भराभर जिना उतरले. खोका परत मागायचं धाडस मात्र कुणालाच झालं नाही. तो मुलगा आजही त्याच डिनर सेटमध्ये जेवतो.

पाटी बदलायची असं मी तेव्हापासून ठरवतेय.

* * *

एकदा पुण्याहून एकजण आला. त्याच्याकडे वाद्य असं काही नव्हतंच, एक मशीन आणि शंभर वायरी. त्याचं संगीत म्हणजे एकच सूर, तो हळूहळू, अगदी हळूहळू बदलत जातो. मला त्याने फोनवर तासभर समजावलं होतं आणि मी "हो, हो" म्हणत भाजी निवडत होते.

तो बसला. मशीनमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. लोक गप्पा मारत राहिले. कुणी चहा प्यायला गेलं, कुणी येऊन बसलं. पाव तास झाला, अर्धा तास झाला. मीसुद्धा अल्ताफला दोनदा विचारलं, "अजून किती वेळ टेस्टिंग करणार हा?" अल्ताफ म्हणाला, "मॅडम, मेरे को भी नहीं समझ रहा है."

तेवढ्यात तो उठला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि वायरी गुंडाळायला लागला. कार्यक्रम संपला होता.

त्याच्यानंतर एक तबलेवाला होता. त्याने बसल्या बसल्या हातोडीने तबला ठोकून सुरात लावून घेतला. टक, टक, टक. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी "वन्स मोअर" ओरडलं. तबलेवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, म्हणून बिचाऱ्याने पुन्हा एकदा ठोकून दाखवला.

* * *

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये जिग्नेशभाई राहतात. माणूस दिलदार, एक शनिवार चुकवत नाहीत. एकदा एका मुलीचं गाणं ऐकून भारावले आणि मला विचारलं, "शुभाबेन, ये कौन सी पिक्चर का है?"

म्हटलं, "कोई पिक्चर का नहीं. उसने खुद बनाया है."

"हां, पण पिक्चर कौन सी?"

"पिक्चर नहीं है, जिग्नेशभाई."

त्यांचा चेहरा एकदम पडला. "अरेरे. बनी ही नहीं?"

काय सांगणार! मी म्हटलं, "नहीं बनी."

पुढच्या शनिवारी त्यांच्या बिल्डिंगमधली बारा माणसं आली. सगळी त्या मुलीला भेटायला. एका काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "धीर सोडू नकोस हं. आमच्या जावयाचापण प्रोजेक्ट असाच अडकला होता." मुलगी मला विचारतेय, "ताई, माझं काय अडकलंय?" मला त्या गर्दीत तिला काही समजावता येईना. मी आपलं सांगितलं, "थँक यू म्हण."

* * *

आणि फळ्यावर चुकून पुढच्या आठवड्याचं नाव लिहिलं होतं, तो शनिवार तर मी विसरू म्हणता विसरणार नाही. ज्येष्ठ नागरिक संघाची वीस मंडळी सतारवादन ऐकायला आली, आणि स्टेजवर भाईंदरची चार मुलं, काळे टी-शर्ट, केस खांद्यापर्यंत. पहिल्याच गाण्यात मुख्य गायकाने पोटातून असा काही घोगरा आवाज काढला की पंख्यावरची धूळ खाली आली असेल.

गाणं संपलं. दुसऱ्या रांगेतल्या लेले आजी उठल्या, सावकाश स्टेजपाशी गेल्या आणि पर्समधून ज्येष्ठमधाची कांडी काढून त्याच्या हातात दिली. "घसा एवढा बसलाय तर गायचं कशाला, बाळ? मित्रांना सांगायचं ना, आज नको म्हणून."

त्याने कांडी चघळत उरलेली गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मला फोन. "मॅडम, आजींना विचाराल का, ते कुठून घेतात?"

* * *

आता शेवटचा. हा सांगताना मला अजून घाम फुटतो.

वर्ष संपत आलं. दामूकाकांच्या नितीनला, म्हणजे मुलाला, हॉलमध्ये जिम काढायची होती. तो माप घ्यायची टेप घेऊन येऊनही गेला. काका म्हणाले, "म्हैनाअखेरीला सांगतो." मला रात्री झोप लागेना. खरं सांगते, एकदा स्वयंपाकघरात उभी राहून रडलेसुद्धा. रिटायर झाल्यावर माझ्या आठवड्यात शनिवार सोडला तर होतंच काय?

अल्ताफ म्हणाला, "काका को एक बार अंदर बिठाओ मॅडम. बाहर से आदमी को क्या समझेगा?"

पण काका आत येतील तर ना. "आत या ना," असं मी दर शनिवारी म्हणायची, आणि ते दर शनिवारी म्हणायचे, "हितंच बरं हाय."

मग एकदा बाजारात त्यांची बायको भेटली, हिराकाकी. मी सरळ विचारलं, "काकांना आमचं गाणं आवडत नाही का हो?"

"आवडत न्हाय? घरी येऊन गुणगुणतात की."

"मग आत का येत नाहीत?"

"बोलावल्याबिगर कसे जातील?"

"अहो, फळ्यावर लिहिलेलं असतं ना."

"फळा काय घरी येतो?" काकी म्हणाल्या. "अक्षता घेऊन कोन आला आमच्या दारात?"

वर्षभर तो म्हातारा स्वतःच्या हॉलच्या बाहेर चपलांशेजारी बसला होता, कारण त्याला कुणी रीतसर आमंत्रण दिलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दुसऱ्याच दिवशी नारळ, हळदकुंकू, अक्षता असं सगळं ताटात घेऊन मी मोरव्याला गेले. ओटीवर काका, काकी आणि आळीतल्या सहा-सात बायका बसल्या होत्या. मी अक्षता दिल्या, वाकून नमस्कार केला. "शनिवारी गाण्याला यायचं."

काकींनी विचारलं, "घरटी एक का चूलबंद?"

मला काही कळलं नाही. पण विमा ऑफिसात तीस वर्षं काढली की एक सवय लागते. दोन प्लॅन असतील आणि समजलं नाही, तर मोठ्याला हो म्हणायचं.

"चूलबंद," मी ठामपणे सांगितलं.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "सगल्या आळीला?"

"सगळ्या."

दामूकाका पहिल्यांदाच हसले.

त्या शनिवारी रेवती गाणार होती. पेणकरपाड्यातलीच, दिवसभर दवाखान्यात लोकांचे गुडघे-खांदे दुरुस्त करते, आणि गाताना लाजेने डोळे मिटून घेते. तिचा पहिलाच एकटीचा कार्यक्रम. फळ्यावरचं तिचं नाव आल्या आल्या तिने स्वतःच पुसलं होतं, इतकी घाबरलेली. फळ्यावर 'येत्या शनिवारी' एवढंच उरलं. मीही ते तसंच ठेवलं. पुढचा शनिवार असणार आहे की नाही, हेच माहीत नव्हतं.

सहा वाजता खाली दोन टेम्पो थांबले. नव्वद माणसं उतरली. म्हातारी, तान्ही, सगळी नव्या कपड्यांत. माझ्याकडे खुर्च्या चाळीस. दामूकाका पांढरी टोपी घालून आत आले, सगळीकडे एकदा बघितलं आणि पोरांना खुर्च्या घडी करून भिंतीला लावायला सांगितल्या. मग सगळे जमिनीवर बसले, समोरासमोर ओळी करून, मधे वाट सोडून.

रेवती कुजबुजली, "ताई, हे असे का बसलेत?"

"तुझ्यासाठीच," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

ती गायला लागली. काय ती शांतता! मोबाईल नाही, गप्पा नाहीत. तिने वडिलांवरचं गाणं म्हटलं, कारखान्यातून येऊन उद्याचा शर्ट स्वतः इस्त्री करणाऱ्या वडिलांचं, तेव्हा एका म्हातारीने पदराने डोळे पुसले. चौथ्या गाण्याला रेवतीने डोळे उघडले, आणि मग मिटलेच नाहीत. फक्त एक कळत नव्हतं. प्रत्येक गाणं संपलं की नव्वद माणसं मागच्या खोलीकडे बघायची.

आठव्या गाण्यानंतर हिराकाकी माझ्यापाशी आल्या. "ताई, पानं कवा मांडताय?"

"कसली पानं?"

तेव्हा त्यांनी मला सांगितलं. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एकाने जेवायला यायचं. चूलबंद म्हणजे घरच्या चुली बंद ठेवून सगळ्यांनी, अगदी झाडून सगळ्यांनी. मोरव्याच्या त्या आळीत आज कुणाच्याही घरी भात शिजला नव्हता. आणि माझ्याकडे थर्मासमध्ये दहा कप चहा आणि दोन बिस्किटचे पुडे होते.

मी माईक घेतला. हात जोडले. "मला अर्थ माहीत नव्हता. माझी चूक झाली. जेवण नाहीये."

 एक लहान मूल रडायला लागलं. नितीन दारात उभा होता, त्याने बापाकडे बघितलं. झालं, मी मनात म्हटलं, गेला हॉल.

दामूकाकांनी आधी काठीकडे बघितलं, मग रेवतीकडे.

"पोरी, अजून किती गानी हायत तुझ्याकडं?"

"सहा, काका."

"बास. भात शिजाला तवराच टायम लागतो."

काकी आणि चार बायका उठल्या. मागच्या खोलीतली पातेली धुवून निघाली. नितीनला तांदूळ-बटाटे आणायला खाली पिटाळलं. तो कुरकुरत गेला, पण गेला. नव्वद माणसांचा भात सहा गाण्यांत होत नाही, त्यामुळे इस्त्रीच्या शर्टाचं गाणं तिला आणखी दोनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा अर्धी आळी तिच्याबरोबर म्हणत होती. मग भात आणि बटाट्याचं कालवण. अल्ताफ वाढत होता, रेवती पंगतीत काकांच्या शेजारी जेवायला बसली होती. मग काका काठी टेकत जिना उतरले. हॉलचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातेली घासायला म्हणून मी हॉलवर गेले. जिन्यापाशी थांबले. फळ्यावर माझ्या अक्षरातलं 'येत्या शनिवारी' तसंच होतं. त्याच्यापुढे दुसऱ्या कुणीतरी, खडू दाबून दाबून, थरथरत्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

'चूलबंद. गानारा कोन ते तुमी लिवा.'