उघडून पाहिलेली प्रत

“उघडून पाह्यलं काय?” असे विचारताना भाऊ हवेतल्याच एखाद्या डब्याचे झाकण उचलल्यासारखा हात करीत. प्रश्न कशाविषयीही असे. नवी छत्री घेताना ते दुकानातच ती उघडून खाली उभे राहत आणि दुकानदाराला म्हणत, “टाका ना वरून पाणी!” माझ्या लग्नात त्यांनी गजराचे घड्याळ आणले. ते आमच्यासमोर स्वतःच कागद फाडून बाहेर काढले, किल्ली दिली, कानाशी धरले. “चालून राह्यलं. आता ठेवा.”

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना संशयी म्हणतो आणि पुढे जातो. मीही तसेच म्हणत असे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वर्ध्याजवळच्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत आम्ही एकत्र होतो. रक्तदात्यांची नावे, गट आणि पत्ते नुकतेच कम्प्युटरवर आले होते. भाऊ त्या कामाचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. महिन्याच्या आरंभी सगळ्या माहितीची पूर्ण प्रत फ्लॉप्यांवर काढायची, आणि पुढे रोज फक्त त्या दिवशीचे बदल वेगळ्या फ्लॉपीवर घ्यायचे, अशी पद्धत होती. मशीन बिघडले तर पूर्ण प्रतीवर रोजच्या फ्लॉप्या क्रमाने चढवायच्या. मधली एक जरी खराब निघाली, तरी साखळी तिथेच तुटे.

प्रत निघाली की मशीन तसे सांगत असे. मला तेवढे पुरे होते, भाऊंना नव्हते. दर शनिवारी ते दुसरा कम्प्युटर रिकामा करून त्यावर सगळे पुन्हा उभे करीत. मग माणसांना नावाने पडद्यावर बोलावीत. नवा दाता आला का, ज्याने घर बदलले त्याचा नवा पत्ता आला का, आणि जो वारला त्याचे नाव गेले का.

“वारलेल्याचे कशाला बघायचे?” मी एकदा विचारले.

“गेलेला माणूस परत आला, तं तेबी चूकच हाय न बावा. त्याच्या घरच्याइले आपण रक्त मांगाले जायचं काय?”

एका दसऱ्याच्या आधी, बुधवारी संध्याकाळी, त्या दिवशीची फ्लॉपी निघाल्यावर कार्यालयात यंत्रांची पूजा झाली. त्याच दिवशी सकाळी ओ निगेटिव्ह गटाचे एक शिक्षक नाचणगावचे घर सोडून बोरगाव मेघेला राहायला आल्याचे सांगून गेले. त्या गटाचे दाते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. आणि त्याच गटाची एक गरोदर बाई, पहिली दोन मुले गमावलेली, आठवडाभरात बाळंतपणासाठी दाखल होणार होती.

शनिवारी बुधवारची फ्लॉपी वाचली जाईना. भाऊंनी ती पाकिटातून काढून उजेडात धरली. आवरणाच्या खाचेतून दिसणाऱ्या काळ्या चकतीवर वाळलेले कुंकू होते.

विभागातल्या मावशी दारातच उभ्या होत्या. “मशीनले टिका लावला भाऊ, तं टेबलावरच्या या एकाले काऊन तसंच ठेवू? मधात उघडी जागा दिसली, तेथंच लावला.”

“जागा बरोबर शोधली मावशी,” भाऊ म्हणाले. “पुढच्या साली पाकिटाले लावजा. पाकीट काई वाचा नाई लागत.”

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. रक्तपेढीचे डॉक्टरसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांना अहवाल टंकित करून हवा होता आणि दोन्ही यंत्रे अडलेली. “सगळे मशीनवर आहे ना? मग प्रती कशाला उकरता?”

“मशीनवर हाय, म्हणूनच आज घेता येते साहेब. उद्याचं कोनाले मालूम?”

ते दुपारभर बसून नवी पूर्ण प्रत घेत राहिले. नंतर तीही उघडून पाहिली. मी मनातून साहेबांच्या बाजूचा होतो.

सोमवारी मुख्य मशीन सुरूच झाले नाही. त्याच दिवशी ती गरोदर बाई आली, रक्तस्राव होत असलेली. भाऊंनी शनिवारची प्रत चढवलेल्या दुसऱ्या मशीनवर शिक्षकांचे नाव शोधले आणि जीप नाचणगावच्या बंद घराकडे न जाता बोरगाव मेघेला गेली. बाई वाचली. मुलगी झाली. भाऊंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले, “तुमी पाह्यली काय सोताच्या डोयानं?” मी पाहिली नव्हती. मग आम्ही दोघे वॉर्डात जाऊन पाहून आलो.

पुढच्या उन्हाळ्यात नालवाडीच्या राहत्या घरी, झोपेतच, भाऊ वारले. ते स्वतःही रक्तदाते होते. यादीतून त्यांचे नाव काढून टाकण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते गुरुवारी केले.

शनिवारी मी दुसरा कम्प्युटर रिकामा केला. पूर्ण प्रत चढवली आणि भाऊंचे नाव विचारले. ते आले, गट, नालवाडीचा पत्ता, सगळे बरोबर. सोमवारची फ्लॉपी चढवली, नाव आले. मंगळवारच्या फ्लॉपीनंतर आले, बुधवारच्या फ्लॉपीनंतरही आले. गुरुवारची फ्लॉपी पाकिटातून काढून मी उजेडात धरली. मावशी पोछा हातात धरून दारात थांबल्या होत्या.

मग ती चढवली आणि पुन्हा नाव विचारले. पडद्यावर उत्तर आले, असे नाव नाही.

“बरोबर हाय काय?” मावशींनी विचारले.

“बरोबर आहे,” मी म्हणालो, आणि शुक्रवारची फ्लॉपी उचलली.