टपालताई शर्यतीत

बावीस वर्षं टेकडीवरच्या घरांना टपाल वाटून टपालताईंचं खरं नाव लोक विसरून गेले होते, आणि त्यावाचून टपालताईंचंही काही अडत नव्हतं. रोज बारा किलोमीटर, खांद्यावर पिशवी, एक्केचाळीस घरं. कुठल्या फाटकाची कडी उचलून ढकलावी लागते आणि कुठल्या घरचा कुत्रा नुसताच बोलका आहे, हे सगळं पाठ. पण वर्षभरापूर्वी त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. टपालताईंनी त्याकडे काणाडोळा केला. पोस्टमास्तरांनी केला नाही.

पोस्टमास्तर वाईट माणूस नव्हे, नियमाचा माणूस. पाकिटावर शिक्का तिरका पडला तर त्या दिवशी जेवण गोड न लागणाऱ्यांपैकी. त्यांनी टपालताईंना समोर बसवलं आणि म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यापासून तुम्ही काउंटरला बसा. पंखा आहे, खुर्ची आहे."

"साहेब, माझे पाय बसून बिघडतील."

"वर घसरून पडलात तर जबाबदार कोण? मी."

शब्दाने शब्द वाढला. टपालताईंचे डोळे भरून आले, ते दिसू नयेत म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीवर एका शर्यतीची जाहिरात होती. दवाखान्याला व्हीलचेअर घेऊन देण्यासाठी, टेकडीवरून चौदा किलोमीटर, पाऊस असला तरी शर्यत होणारच.

"ही मी तीन तासांत पुरी केली तर?" त्या बोलून गेल्या.

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "केलीत तर खुशाल टेकडीवर राहा. मीच घड्याळ घेऊन उभा राहीन. एक मिनिट उशीर झाला, तर सोमवारपासून खुर्ची."

टपालताईंच्या यजमानांचं सायकलदुरुस्तीचं दुकान. त्यांनी हे ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातला पाना खालीच पडला. "अगं, बस सुटली तरी तू कधी पळत नाहीस. त्रेपन्नाव्या वर्षी हे काय खूळ?"

"अहो, बस गेली तर दुसरी येते," टपालताई म्हणाल्या. पुढचा महिनाभर रोज संध्याकाळी ते बायकोच्या गुडघ्याला तेल चोळत राहिले. तोंडाने कुरकुर आणि हाताने मालिश, दोन्ही एकदम चालू.

शर्यतीच्या रविवारी पहाटेपासून पावसाने सूर धरला होता. जोर असा नव्हता, पण थांबायचं नावही नाही. दोनशे माणसं छातीवर नंबर टाचून उभी होती. महागाचे बूट घालून आलेले पहिल्याच चढावर घसरून हात टेकू लागले, तर टपालताई रोजच्या कामाचे जाड तळव्यांचे बूट घालून, पावलं आखूड टाकत, कडेकडेच्या गवतावरून निघाल्या. चिखलात मधोमध चालायचं नसतं, हे पावसाळ्यात टपाल वाटणाऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही. हळूहळू आठनऊ जण शहाणपणाने त्यांच्या मागे लागले. त्यांच्यात एक बेकरीवाला होता. अंगाने गोल, स्वभावाने गोड आणि दमाने अगदीच तोकडा. "ताईंना सोडायचं नाही," तो मागच्यांना सांगत होता, "त्यांना इथला दगडन् दगड ओळखतो."

निम्मं अंतर झालं तेव्हा सव्वा तास झाला होता. गुडघा गप्प होता. टपालताईंचा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच घात झाला.

पुढे वाट फुटत होती. फक्कीने काढलेला बाण पावसाने धुऊन नेला होता. उजवीकडच्या झाडाला बांधलेली लाल फीत भिजून खोडाला चिकटली होती, ती कोणाला दिसली नाही. मागचे नऊ जण टपालताईंकडे बघत होते. टपालताई कशाकडेच बघत नव्हत्या. जमलं, जमलं, एवढंच त्यांच्या मनात चाललं होतं. त्या डावीकडे वळल्या, इतक्या खात्रीने की कोणाला शंकाही आली नाही.

एक किलोमीटरवर वाट एका लहान घरापाशी संपली. दाराला कुलूप. टपालताईंचा हात आपसूक खांद्याकडे गेला, पिशवी शोधायला. पिशवी नव्हती. तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

शिवणकाम करणाऱ्या एका आजींचं ते घर. मुलगी परदेशात, दर महिन्याला तिचं पत्र. आजींना दिसत कमी, म्हणून ते वाचून दाखवायचं कामही टपालताईंचंच. वाचून झालं की आजी म्हणायच्या, "आता जरा सावकाश वाच बाई, मघाशी घाई केलीस." आजी गेल्या त्याला वर्ष झालं होतं. पिशवीत पत्र नसलं की इकडे वळायचं नाही, हे रोज पिशवीच सांगायची. आज सांगायला पिशवी नव्हती.

"इथे पाणी मिळणार आहे का?" बेकरीवाल्याने धापा टाकत विचारलं.

"नाही," टपालताई म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते. "इथे काहीच नाही. चुकलं माझं."

एक जण वैतागला, बाकीचे हसत सुटले. टपालताईंनी उजवी वाट नीट समजावून सांगितली आणि आठ जण मागे पळाले. बेकरीवाला वळताना घसरला आणि पाय धरून चिखलात बसला. घोटा मुरगळला होता.

टपालताईंनी घड्याळ पाहिलं. अजून दीड तास हातात होता. आत्ता निघालं आणि दम राखून पळालं तर जमण्यासारखं होतं.

"तुम्ही व्हा पुढे, ताई," बेकरीवाला म्हणाला. "मी येतो सावकाश."

आणि टपालताई निघाल्याही. लपवण्यात अर्थ नाही, चांगली वीसेक पावलं गेल्या. मग याला इथे आणलं कोणी, हा प्रश्न त्यांना काही पुढे जाऊ देईना. त्या स्वतःवर चरफडत परत आल्या आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

ओढ्यापाशी मदतीची माणसं होती. त्यांच्या हवाली त्याला करेपर्यंत दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. पुढे साडेपाच किलोमीटर बाकी. आता पळून काही उपयोग नव्हता. तरी त्या पळाल्या. टेकडीवरचा आपला आज शेवटचा दिवस, असं वाटून त्यांना रडू येत होतं, आणि पावसात रडायची सोय बरी असते.

शेवटच्या रेषेपाशी पोस्टमास्तर छत्री आणि घड्याळ घेऊन उभे होते. शेजारी टॉवेल घेतलेले यजमान.

"तीन तास पंचवीस मिनिटं," पोस्टमास्तर म्हणाले.

"ठाऊक आहे, साहेब. सोमवारी येते खुर्चीत."

"थांबा. मघाशी ते आठ जण सांगत होते, तुम्ही त्यांना आजींच्या घरी नेलंत. तिथलं टपाल तर वर्षभर बंद आहे. तो कागद मीच केला होता."

"हो."

"तुम्हाला रीतसर कळवलं होतं."

"मला कळवलं होतं, साहेब," टपालताई म्हणाल्या. "पायांना कोणी कळवलं नाही."

पोस्टमास्तरांनी त्या पायांकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल, बुटाची एक नाडी तुटलेली. सहा वर्षं ते या पोस्टात होते आणि टेकडीवर एकदाही गेले नव्हते.

"मग खुर्चीचं तरी या पायांना कोण कळवणार?" ते शेवटी पुटपुटले. "मला काही ते जमायचं नाही." त्यांनी आतल्या खिशातून घडी घातलेला बदलीचा कागद काढला, सरळ रेषेत फाडला आणि कचरा नको म्हणून दोन्ही तुकडे परत खिशात ठेवले. "पावसाळ्यात काठी घेऊन जायचं. आणि दर महिन्याला गुडघा डॉक्टरांना दाखवायचा. हे मी लेखी देणार आहे."

टपालताईंनी मान हलवली. त्या होत्या तिथेच चिखलात बसल्या आणि भर माणसांत हुंदके देऊन रडल्या. यजमान टॉवेल घेऊन वाकले, पण सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळेना, म्हणून तेही शेजारी बसले.