चौघींचं 'क्रुपया'

फोटोग्राफीचा धंदा सुरू केला तेव्हा कुणीतरी सल्ला दिला होता, बिलावर 'मी' कधी लिहू नकोस, एकटीला लोक ताटकळत ठेवतात. म्हणून कर्वेनगरातल्या माझ्या एका खोलीत मी आणखी तिघींना नेमलं. फोटो काढणार मी. ते पाठवणार 'संपादन विभाग', बिल लावणार 'हिशेब विभाग', आणि पंधरा दिवसांनी आठवण करणार 'ग्राहक सेवा'. ईमेल वेगवेगळे, खाली सही वेगवेगळी, बोटं मात्र सगळ्यांची माझीच.

मार्केट यार्डातले एक मसाल्याचे व्यापारी माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचे हिशेब बघणारे गृहस्थ पेठेतले, निवृत्तीला टेकलेले. ईमेलसुद्धा 'स. न. वि. वि.' लिहून सुरू करायचे. बिल सहसा एका फेरीत पास व्हायचं नाही. 'हळकुंडाच्या फोटोस हळद म्हटले आहे. दुरुस्त करावे.' मी चिडायचे. पण खरं सांगायचं तर कित्येक आठवडे असे जायचे, की माझ्याशी चार ओळी बोलणारं त्यांच्याशिवाय कुणी नसायचं. मग मी हिशेब विभागाकडून खुलासा पाठवायचे, वर ग्राहक सेवेकडून दिलगिरी. एकदा संपादन विभागाने हिशेब विभागाची बाजूही घेतली. तो दिवस बरा गेला होता.

मग व्यापाऱ्यांच्या नव्या गोदामाची पूजा निघाली. जेवणाचं आमंत्रण आलं आणि खाली एक ओळ: 'आपल्याकडून किती जण येणार ते कळवावे, म्हणजे ताटे सांगता येतील.'

'एक' लिहिलं असतं तर इतक्या वर्षांची थाप उघडी पडली असती. थापा मारणारीच्या बिलावर कोण विश्वास ठेवणार? आणि ते गिऱ्हाईक गेलं असतं तर ती पत्रंही गेली असती. तासभर नुसती बसून राहिले. मग 'चार' लिहून टाकलं.

पूजेच्या दिवशी स्कूटरवरून जाताना सबबी घोकत होते. एकीला ताप आहे, दोघी हिंजवडीला शूटिंगला गेल्यात. ते गृहस्थ दारातच उभे होते. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी काही विचारलं नाही, सरळ पंक्तीच्या टोकाला नेलं. तिथे माझ्या नावाची चिठ्ठी लावून एकच ताट मांडलेलं होतं.

"मी चार कळवले होते," मी म्हणाले.

"कळवले होतेत. पण अहो, चौघींचंही 'कृपया' एकाच ठिकाणी चुकतं. सगळ्याच 'क्र'ला उकार देतात. म्हणून एकच ताट सांगितलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून वरणभात कालवत राहिले. ते वाढायला आले, मठ्ठ्याची वाटी भरली आणि म्हणाले, चौघींचा घ्या, लाजू नका. तेव्हा मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. चुका काढायला का होईना, इतकं लक्ष देऊन मला कुणी वाचलं नव्हतं. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी फक्त जिलबी छान झालीय म्हणाले.

पुढच्या दिवाळीनंतर ते निवृत्त झाले. आता तिथे बिल संकेतस्थळावर चढवायचं असतं, पत्र लिहावं लागत नाही. विभाग मी बंद केले, सरळ 'मी' लिहिते. 'कृपया'ही आता मला बरोबर लिहिता येतं.

तरी त्या व्यापाऱ्यांच्या बिलाच्या तळाशी मी अजून 'क्रुपया' असंच लिहिते. दुसऱ्या दिवशी पडद्यावर 'मंजूर' असं येतं. एकही दुरुस्ती नसते.